बैठकीत ठरलेलं लेकरू

रविवार, १५ डिसेंबर १९९६. सोडचिठ्ठीची रक्कम पंचेचाळीस हजार रुपये. हजर माणसं नऊ: दोन्हीकडचे मिळून पाच पंच, माझी भाची, तिचे वडील म्हणजे आमचे दाजी, तिचे सासरे आणि मी. नवरा आला नव्हता. त्याच्या वतीनं सासऱ्यांनी ज्वारीच्या धाटाची काडी मोडली आणि सहा वर्षांचं लग्न संपलं. दाजींचं गाव घनसावंगी तालुक्यात, बैठक तिथल्याच मारुतीच्या ओट्यावर झाली.

पंधरा हजार सासऱ्यांनी त्याच दिवशी थोरल्या पंचाकडे ठेवले. बाकीचे तीस हजार सासऱ्यांच्या उसाचं बिल आल्यावर. सगळी रक्कम जमली की पंच ती भाचीच्या हाती देणार होते. तोवर एका बाजूनं दुसऱ्याविषयी चारचौघांत काही बोलायचं नाही, हा आमच्याकडचा जुना रिवाज. बोललं तर बैठक मोडली असं धरतात.

भाचीला पैशांचं फारसं नव्हतंच. तिला तीन वर्षांची लेक हवी होती. सासरे म्हणाले, "पोरगी आईजवळ राहील. आमचं काही म्हणणं न्हाई." पाचही पंचांनी ते ऐकलं. साध्या कागदावर लिहूनही घेतलं.

त्याच सुमारास आमच्या भागात एका पुढाऱ्याची मोहीम चालू होती. हा जिल्हा परिषदेचा माजी सदस्य, विधानसभेची तयारी करत होता. जालन्याला कौटुंबिक न्यायालय पाहिजे, दर तालुक्याला लेकरांची विचारपूस करणारा अधिकारी पाहिजे आणि लेकराचा ताबा पंचांनी ठरवायचा नाही, अशा त्याच्या तीन मागण्या. या मागण्या चुकीच्या होत्या असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण गावोगावचे पंच त्याच्यावर चिडून होते. घरं फोडायला निघालाय म्हणत. त्याच्या जीपवर एकदा शेणही पडलं. बाजारात लोक चेष्टा करत, "ह्याच्या सभेला बायको घेऊन जाऊ नका, येताना एकटंच यावं लागंल."

जानेवारीत तो दाजींच्या घरी आला. मी त्या दिवशी तिथंच होतो. चहा झाल्यावर त्यानं तो कागद मागितला, दोनदा वाचला आणि भाचीला म्हणाला, "ताई, ह्या कागदाला कोर्टात किंमत न्हाई. उद्या त्यांनी लेकरू नेलं तर तुझ्याजवळ काय हाय?"

भाची म्हणाली, "पंच हायत की."

"पंच किती दिवस पुरतेत? थोरला पंच सत्तरीचा हाय."

हे खरंच होतं. भाचीचा चेहरा उतरला. तो म्हणाला, कुंभार पिंपळगावला बाजाराच्या दिवशी सभा आहे, लेकराला घेऊन नुसतं मंचावर बसायचं, बोलायचं काही नाही. वकील तो देणार, फुकट.

मी म्हणालो, "साहेब, पैसे पोचायचेत अजून. दोन महिने दम धरा. मंग न्या मंचावर."

"मामा, तुमी हिशेबाचे माणसं. दोन महिन्यानं मी कुठं असंल आन् सभा कुठं असंल?"

माझी बहीण आतून म्हणाली, "वकील फुकट देऊन राह्यलेत तर बसू द्या की तिला घडीभर." भाचीनं माझ्याकडे पाहिलं नाही. कोर्टाचा कागद हवा, हे तिच्या मनानं घेतलं होतं. तिच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं.

सभेला मी गेलो होतो. पुढाऱ्यानं कुणाचंही नाव घेतलं नाही. त्यानं फक्त लेकराला कडेवर घेतलं आणि माईकवर विचारलं, "ह्या लेकराच्या बापानं पंचेचाळीस हजारात बायकोपासून पिच्छा सोडवला. बैलजोडी इकायला सुद्धा माणूस स्वतः बाजारात येतो. हा बैठकीलाही आल्ता का?" लोक हसले. टाळ्या पडल्या. भाची मान खाली घालून बसली होती आणि माईकच्या आवाजानं लेकरू रडत होतं. नाव घ्यायची गरजच नव्हती. बाजारात दोन्ही गावांची माणसं होती.

चौथ्या दिवशी भाचीचे सासरे दाजींच्या दारात आले. एकटे, पायी, धुतलेलं धोतर नेसून. सभेचा विषय त्यांनी काढला नाही. पाणी घेतलं, चहा घेतला. मग म्हणाले, "पोरीची आजी पडून हाय. नातीचं नाव घेऊन राह्यली. दोन दिवस नेतो, आणून सोडतो."

हे मला बहिणीनं नंतर सांगितलं. मी विचारलं, "दिलं कशाला?" ती म्हणाली, "दारात आलेल्या व्याह्याला न्हाई कसं म्हणावं?" आमच्याकडे खरंच म्हणत नाहीत. आजोबा नातीला न्यायला आला तर तिला न्हाऊ घालून, नवा फ्रॉक घालून, सोबत लाडू बांधून देतात. बहिणीनं तेच केलं. भाची कापूस वेचायला गेलेली होती. संध्याकाळी घरी आली तेव्हा लेकीच्या जागेवर फक्त गोधडी होती.

दोन दिवसांनी लेकरू आलं नाही. आठवड्यानं मी आणि दाजी तिकडं गेलो. सासरे ओट्यावरच बसून होते. आम्हाला बसा म्हणाले, पाणीही दिलं.

"बैठक तुमच्याकडून मोडली," ते म्हणाले. "माझ्या पोराला भर बाजारात बैलावानी मोजलं. आता पोरगीबी आमची आन् पैसाबी आमचा."

थोरल्या पंचानं त्यांचं म्हणणं बराबर धरलं. पंधरा हजार त्यांना परत गेले. आम्ही पोलिसांकडे गेलो. ठाण्यातल्या जमादारानं एकच विचारलं, "तुमीच कपडे घालून दिलं ना?" आणि तक्रार लिहून घेतली नाही.

पुढारी भेटला तेव्हा उदास नव्हता. "आता केस मजबूत झाली," म्हणाला. जालन्याला त्यानं मोर्चा काढला, त्यात भाचीला पुढं ठेवलं. दावा दाखल झाला. वकील त्याचाच. १९९९च्या निवडणुकीपर्यंत वकिलानं पैसे मागितले नाहीत. पुढारी पडला, मोहीम थांबली, आणि पुढच्या तारखेला वकिलानं फी सांगितली. कौटुंबिक न्यायालय काही आमच्या जिल्ह्यात आलं नाही. पुढारी नंतर मला अंबडच्या स्टँडवर भेटला. "मामा, माझी मागणी खोटी होती का?" त्यानं विचारलं. मी नाही म्हणालो. त्याला आणखी काही ऐकायचं होतं, पण माझ्याकडे तेवढंच होतं.

दाव्याचा निकाल लागायच्या आधी तडजोड झाली. नवऱ्यानं दुसरी बायको केली होती आणि त्याला कोर्टाचा घटस्फोट हवा होता. सन २०००चा मार्च महिना. जालन्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात मुलगी आजोबांचं बोट धरून उभी होती. सात वर्षांची, दोन वेण्या घातलेली. भाचीनं बिस्किटांचा पुडा पुढं केला. मुलीनं आधी आजोबांकडे पाहिलं.

"आबा, घेऊ का?"

"घे," सासरे म्हणाले.

न्यायाधीशांनी मुलीला आत बोलावून एकटीला विचारलं. ती आबांजवळ राहायचं म्हणाली. तिला दुसरं काय माहीत असणार? ताबा बापाकडे राहिला. आईनं महिन्यातून दोनदा, दिवसा, तिकडच्या गावात जाऊन भेटायचं असं ठरलं.

नवऱ्याकडून पंचवीस हजार रुपये त्याच दिवशी, कोर्टात, भाचीच्या हाती दिले गेले. त्यातून सहा हजार वकिलाला. एकोणीस हजार भाचीनं घनसावंगीच्या पोस्टात स्वतःच्या नावावर ठेवले आणि वारस म्हणून मुलीचं नाव लिहिलं.