पानग्यांची शाळा

आमच्या गावची शाळा मी एकदा जवळजवळ बंद पाडली, आणि तीही शाळेच्या प्रेमापोटी.

गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. मी तेव्हा तरुण होते, बासष्टची. गुडघे चालत होते, अक्कल यायची होती. (ती अजून वाटेतच आहे. धसईची एसटी म्हणा ना.)

त्या उन्हाळ्यात माझा मुलगा नितीन आणि सून केतकी ठाण्याचं भाड्याचं घर सोडून गावी राहायला आले. दोघांचं काम लॅपटॉपवर. संगे सात वर्षांची नात, ओवी. मी हरखले. मुरबाडला जाऊन दप्तर आणलं, बाटली आणली, गणवेशाला निळं कापड आणलं. केतकीनं कापड हातात घेतलं, पोत बघितला आणि म्हणाली, "छान आहे, आई. पण ओवी शाळेत नाही जाणार. आम्ही तिला घरीच शिकवणार."

"का? बरं नाय का तिला?"

"बरी आहे. होमस्कूलिंग म्हणतात याला. मूल आपल्या चालीनं शिकतं. घंटा नाही, रांग नाही, पाठांतर नाही, परीक्षा नाही."

"मग उरलं काय?"

"शिक्षण," केतकी म्हणाली.

(सून हुशार आहे. या घराला तो त्रास पहिल्यापासूनच आहे.)

तिथून जी जुंपली ती पेरणी झाली, लावणी झाली, तरी संपेना. मी म्हणायचे, "एकटं पोर म्हणजे कुंडीत लावलेलं भात. वाढेल, पण लोंब्या नाय धरायचं. पोरात पोर वाढतं." ती म्हणायची, "आई, भात कधी कापायचा, पाऊस कुठल्या डोंगराआडून येतो, हे तुम्ही कुठल्या शाळेत शिकलात?" इथे मी विषय बदलायचे. कारण मी नितीनला लहानपणापासून सांगत आले होते की तुझी आई भरल्या ओढ्यातून शाळेत जायची, एक दिवस चुकवला नाय. माझं माहेर याच गावात, ओढ्यापलीकडच्या आळीला. पण माझ्याबरोबरचं शाळेतलं कुणी आता गावात उरलेलं नव्हतं, तेव्हा मी बेधडक सांगत होते.

भाद्रपदात केतकीच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि ती पंधरा दिवसांसाठी नाशिकला निघाली. जाताना माझ्या हातात वेळापत्रक दिलं. त्यात 'निरीक्षण', 'मुक्त खेळ' आणि 'कंटाळा (आवश्यक)' असे तास होते. मी म्हटलं, "पैज लाव. तू यायच्या आत पोरगी आपल्या तोंडानं 'मला शाळेत जायचंय' बोलली तर नाव घालायचं."

"आणि नाही बोलली तर?"

"तर मी तुझ्या शाळेबद्दल अवाक्षर काढणार नाय."

केतकीनं हे ऐकून ताबडतोब हातावर हात मारला. एवढ्यावरून मी ओळखायला हवं होतं की मी किती बोलते.

माझा बेत साधा होता. घरातली शाळा इतकी कडक करायची की पोरगी स्वतःच पळत खऱ्या शाळेत जाईल. नांगराचा जुना फाळ ओटीच्या वाशाला टांगला, हातोडी घेतली आणि सकाळी आठला ठणाठणा घंटा दिली. नितीन माळ्यावरून ओरडला, "आई, मिटिंग चालू आहे."

"इथंपण," मी म्हटलं.

"ओवी, रांगेत उभी राहा."

"आजी, मी एकटीच आहे."

"मग वाकडी का आहेस?"

प्रार्थना घेतली, हजेरी घेतली, हाताची घडी तोंडावर बोट केलं, दोनापासून पाढे म्हणायला लावले. पोरगी रडकुंडीला येईल म्हणून मी वाट बघतेय, आणि ही खिदळतेय. तिला वाटलं आजीनं नवा खेळ काढला. म्हणाली, "आजी, मला मॉनिटर कर ना." कुणाचा मॉनिटर? कोंबड्यांचा?

पण शाळा म्हटली की छोटी सुट्टी हवीच. इथे माझं चुकलं. दहा वाजता मी सुट्टीची घंटा दिली आणि हळदीच्या पानातल्या काकडीच्या पानग्या तव्यावर टाकल्या. हळदीचं पान तापलं की वास अख्ख्या आळीत जातो, आणि दहा म्हणजे गावातली पोरं दप्तर घेऊन शाळेत निघायची वेळ. शेजारची प्राची, तिसरीतली, तोंडाची फटाकडी, कुडापाशी येऊन उभी राहिली. आणि तव्याकडे बघत राहिली. आता आमच्याकडे रीत अशी, की पोर बघत असताना घास गिळायचा नाही. गिळला तर पोटात दुखतं, असं माझी सासू सांगायची. (तिचं स्वतःचं पोट कायम दुखायचं, ते वेगळं.) मी म्हटलं, "ये गो, एक खा आणि जा शाळेत."

तिनं तीन खाल्ल्या. मी घंटा देऊन सुट्टी संपवली, तर ही ओवीच्या मागे उभी.

"आता रांग झाली, आजी," ओवी म्हणाली.

"प्राचे, तुला शाळा नाय?"

"ही काय मंग?" प्राची म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाच पोरं आली. शनिवारी अकरा. खरं सांगू, हाकलायला हवं होतं. पण मला चढली होती. मी कॅलेंडरच्या पाठीवर हजेरी मांडली, उशिरा येणाऱ्याला अंगठे धरायला लावले, एकाला तर "पालकांना घेऊन ये" असंही सांगितलं. पालक समोरच्या खाचरात तण काढत होते. त्यांनी तिथूनच हात केला. मी कशासाठी निघाले होते, ते सात-आठ दिवसांत साफ विसरले.

सोमवारी ओटीसमोर गुरुजींची मोटरसायकल उभी राहिली. आमच्या शाळेला एकच गुरुजी, तरुण, गरीब स्वभावाचे. काखेत हजेरीपट.

"काकी, तुमच्याकडे किती पोरं?"

"अकरा. तुमच्याकडं किती?"

"पाच." मग ओटीवर नजर फिरवून म्हणाले, "चार. एक माझ्या पाठोपाठ आला वाटतं."

ते पायरीवरच बसले. म्हणाले, "बुधवारी केंद्रप्रमुख येणार आहेत. आपला पट आधीच कमी. वर्गात पोरं दिसली नाहीत तर शाळा धसईला जोडायचं निघेल. मग ही बारकी रोज ओढा ओलांडून चालत जाणार."

मी म्हटलं, "पण गुरुजी, मी तर शाळेच्या बाजूची हाय. पैज लावलेय मी."

"माहितेय, काकी. म्हणून तर भीती वाटते."

(तरी जाताना चार पानग्या खाऊन गेले.)

मी पोरांना म्हटलं, "उद्यापासून सगळ्यांनी शाळेत जायचं." प्राची म्हणाली, "शाळंत पानगी नाय." मंगळवारी मी तवाच ठेवला नाही, तर पोरं घरून काकड्या आणि हळदीची पानं घेऊन आली. फाळ काढून लपवला, तर ओवीनं परात बडवली. मग मी ओटीवर उभी राहून सगळ्यांना झाडलं. पोरं हाताची घडी घालून ऐकत बसली. संपल्यावर प्राची म्हणाली, "आजे, आजचा धडा भारी होता."

आता बुधवार. केंद्रप्रमुख अकराला यायचे. पोरं माझ्याशिवाय हलणार नाहीत, हे कळून चुकल्यावर मी काय करणार? पहाटे उठून दोन शेर पिठाच्या पानग्या केल्या. टोपली डोक्यावर घेतली, फाळ एका हातात, हातोडी दुसऱ्या. घंटा देत गावातून निघाले आणि मागे बारा जणांची रांग, पुढे मॉनिटर ओवी. खालच्या आळीतल्या बाया दारात आल्या. एकीनं विचारलं, "काकी, कसली मिरवणूक गो?"

"शाळेत चाललेय," मी म्हटलं.

"या वयात?"

केंद्रप्रमुख व्हरांड्यातच उभे होते. पोरं रांगेनं वर्गात गेली. साहेबांनी विचारलं, "या बाई कोण?"

गुरुजी म्हणाले, "यांनी पोरं शाळेत आणली, साहेब." आधी नेली कुणी, ते बोलले नाहीत. भला माणूस.

शाळा वाचली. पण मॉनिटर वर्गात शिरली ती बाहेर येईना. संध्याकाळी पाचला घरी आली, केस विस्कटलेले, गुडघा खरचटलेला, आणि म्हणाली, "आजी, मला शाळेतच जायचंय. तिथं रांग मोठी आहे."

मी पैज जिंकले. केतकी नाशिकहून आली, तिनं सगळं ओवीच्या तोंडून ऐकून घेतलं, आणि शब्दाला जागली. एवढंच म्हणाली, "संध्याकाळी निरीक्षणाचा तास मात्र मी घेणार." दुसऱ्या दिवशी नाव घालायला आम्ही सगळेच गेलो. मी पुढे. मान अशी ताठ, की उंबरा दिसला नाही आणि ठेचकाळले.

गुरुजींनी ओवीचं नाव लिहून घेतलं. ओवीनं विचारलं, "माझी आजीपण याच शाळेत होती ना? ओढ्यातून यायची. तिचं नाव आहे?"

"असणारच," गुरुजी म्हणाले, आणि उठून कपाटातलं जुनं, पिवळं पडलेलं रजिस्टर काढलं. मी म्हटलं, "जाऊ द्या गुरुजी, धूळ उडेल." पण त्यांचं बोट माझ्या माहेरच्या नावावर थांबलं होतं. ते गालात हसले आणि वही केतकीकडे फिरवली.

केतकीनं मोठ्यानं वाचलं. "इयत्ता चौथी. शाळा सोडल्याचे कारण, सतत गैरहजर."

नितीननं माझ्याकडे बघितलं. भरलेला ओढा त्याच्या डोळ्यांदेखत आटला.

"आई," केतकी शांतपणे म्हणाली, "म्हणजे या घरात होमस्कूलिंग तुम्हीच सुरू केलंत."

"हो," मी म्हटलं, "पण आमच्या वेळी त्याला पेंढ्याच्या उडवीत लपणं म्हणायचे."