टीव्हीचा नवा चेहरा

माझी नात मुक्ता टीव्हीसाठी नवं होम स्क्रीन ॲप निवडत होती. जुन्यावर जाहिरातीच फार.

“आजी, यातलं कुठलं घेऊ?”

“घे कुठलंही.”

नवी नवरी असताना पडद्यांचं कापड निवडायला बसले, तर मी दुकानदाराला रडकुंडीला आणलं होतं. काय तो माझा नखरा. ही आवडनिवड घरातून कधी उठून जाते, कळतही नाही. आता काही निवडायचं म्हटलं, की आत काही हलत नाही, इतकंच.

“हे साधं आहे,” मुक्ता म्हणाली. “फक्त अर्धवट पाहिलेल्या सिनेमांची ओळ यात दिसत नाही.”

त्या ओळीत एकच सिनेमा होता. आमचे हे गेले, त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मध्यंतरापर्यंत पाहिलेला.

“मग जुनंच राहू दे.”

तिने रिमोटने ती ओळ उघडली. “उरलेला आपण बघूया का?”

“नको गं. संपला की तो तिथून जातो.”