नंदीची बोली

सिद्रामप्पाचा गळा म्हणजे गावची घंटा. महादेवाच्या जत्रेत नारळ, लुगडी, पहिल्या आरतीचा मान, जे काही हर्रासात निघायचं ते त्याच्याच तोंडून. तीस वर्षं, फुकट, वर भांडणं अंगावर घेऊन. एकदा पाटलानं तिसऱ्या पुकाऱ्यानंतर बोली वाढवली, तर ह्यानं भर जत्रेत सुनावलं, "देवाच्या दारात तीनच आकडे हायत. चौथा तुमच्या वाड्यात."

जहागिरी मोडल्या त्या साली जहागीरदाराच्या देवडीतल्या चीजवस्तूंचा सरकारी हर्रास निघाला. तहसिलीतला कारकून नवा, लांबचा. त्यानं गळा ऐकून सिद्रामप्पालाच उभं केलं. बिदरी हुक्के, विलायती आरसे, सोनेरी चौकटीतली चित्रं; हैदराबादहून आलेला एक व्यापारी पान चघळत सगळं उचलत होता. गावाला त्याचं सुतक नव्हतं. गावाचा जीव अडकला होता एका पितळी नंदीत.

तो नंदी महादेवापुढचा. जहागीरदाराच्या बापानं 'बघायला' म्हणून नेला आणि चाळीस वर्षं दिवाणखान्याचं दार अडवायला ठेवला. मागायला गेलेला माणूस पाठीवर वळ घेऊन आला. आता गावानं घरोघर फिरून एकसष्ट रुपये जमवले. देवडीत बोली बोलायला बाप्ये धजेनात, तेव्हा सिद्रामप्पाच्या बायकोनं, शिवम्मानं, पदर खोचला. आदल्या दिवशी तिनं नवऱ्याला विचारलंही होतं, तिसरा पुकारा जरा घाईनं टाकाल का म्हणून. तो असा खेकसला की दोघंही जेवली नाहीत.

नंदी चौथऱ्यावर आला आणि सिद्रामप्पाची जीभ सवयीनं जत्रेच्या वाटेला लागली. "ज्याची बोली त्याचं डोकं. अनवाणी, उंबऱ्यापर्यंत, मधी न टेकवता. उचलून द्यायला चौघं, चालायचं एकट्यानं."

जत्रेत ही अट नारळाला असायची. हा नंदी दीड मणाचा. लोक हसले. कारकुनाला वाटलं इथली रीतच असेल. त्यानं ती कागदावर उतरवली.

शिवम्मा एकसष्टावर थांबली. व्यापारी म्हणाला दीडशे. सिद्रामप्पानं बायकोकडं पाहिलं. घाई केली नाही, उशीरही केला नाही. एक. दोन. तिसऱ्याला त्याचा गळा चिरकला, आयुष्यात पहिल्यांदा. पण पुकारा दिला.

व्यापाऱ्यानं हमालाला हाक मारली तसा कारकुनानं कागद वर केला. अट ती अट. व्यापाऱ्याचं घर हैदराबादेत, म्हणून सूट दिली, पिंगळी स्टेशनापर्यंत चला. व्यापारी चिडला, मग छाती काढून जोडे काढले. चौघांनी नंदी डोक्यावर दिला. सात पावलं गेला. आठव्याला मान मुरडली, चौघांनी नंदी झेलला म्हणून पाय वाचला. असला गावंढळ हर्रास जन्मात पाहिला नाही म्हणत त्यानं आपले दीडशे परत घेतले. कारकुनानं आधीची, शिवम्माची बोली कायम केली.

सिद्रामप्पा खाली मान घालून उभा. आपण काय बोलून बसलो होतो ते त्याला आत्ता कुठं उमगत होतं.

शिवम्मानं पदराची चुंबळ केली. जन्मभर ज्वारीची पोती वाहिलेली मान ती. देऊळ पाऊण कोस. नवरा शेजारून चालत, दे इकडं, दे इकडं करायला लागला.

"बोली माझी हाय," ती म्हणाली. "तुमी पुढं व्हा. वाटंतले काटे काढा."

तीस वर्षं गावाला दरडावणारा तो माणूस देवळापर्यंत वाकून काटे वेचत गेला.