ईस्टरच्या जेवणातला पहिला ग्लास

माझा नवरा वर्षभर रोज संध्याकाळी पितो आणि उपवासकाळात थेंबाला शिवत नाही. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी उरलेली बाटली माळ्यावर जाते, ती ईस्टरला खाली उतरते. मधले चाळीस दिवस कोणाची हळद असो की क्रिकेटची फायनल, तो सरबत पितो. चिडचिडही करत नाही. उलट घरातले गळके नळ दुरुस्त करतो.

गोडदेवला आम्ही राहतो त्या बिल्डिंगमधल्या बायका म्हणतात, "नशीबवान आहेस हं. आमच्याकडे एक दिवस सुटत नाही." मला मात्र त्याच दिवसांत त्याचा जास्त राग येतो. ज्याला सुटतच नाही त्याची कीव तरी करता येते. याला सुटते. मग उरलेलं वर्ष काय?

यंदा डॉक्टरांनी रिपोर्ट बघून स्पष्ट सांगितलं, लिव्हर खराब होतंय, आता कायमची बंद. नवरा म्हणाला, "उपवासकाळ आलाच आहे, आपोआप बंद होईल." झाली. ईस्टरनंतरचं काय, ते तसंच राहिलं.

मी फादरना गाठलं. संयम हे पवित्र आत्म्याचं फळ आहे, प्रार्थना करत राहा, म्हणाले.

"फादर, आमच्या झाडाला ते फक्त सीझनला लागतं."

ते हसले. मी काही हसायला गेले नव्हते.

ईस्टरचं जेवण तारोडीला सासूबाईंकडे असतं. पहिला ग्लास त्या स्वतःच्या हाताने भरतात, लेकाने नेम पाळला म्हणून. रिपोर्टचं मी त्यांना आधीच सांगितलं होतं. तरी त्यांनी भरला.

"आई, डॉक्टर नको म्हणालेत."

"एका गिलासानं काय व्हतं? माझ्या पोराचा मनावर ताबा हाय. तुला चहा तरी सुटतो काय गं?"

सगळे हसले. खरंच सुटत नाही.

नवऱ्याने ग्लास उचलला आणि माझ्याकडे बघितलं. "घेऊ?"

इतक्या वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि अडकले. माझ्या सांगण्यावरून ठेवला, तर तो संयम कोणाचा? मी ऑफिसला गेले की संपला. आणि घे तर म्हणवत नव्हतं.

"मला काय विचारतोस? उपवासकाळात विचारतोस का?"

त्याने ग्लास खाली ठेवला. जेवण उरकलं तरी ग्लास तसाच. सासूबाई गाल फुगवून बसल्या. भांडी घासताना मी तो मोरीत ओतला.

रिक्षात तो म्हणाला, "उपवासकाळात कधी संपणार ते माहीत असतं गं. आता कसं करायचं?"

बाटली अजून माळ्यावरच आहे. फेकून द्यावी म्हटलं, तर दुकान कोपऱ्यावरच आहे. संध्याकाळी तो कामावरून येतो, एकदा वर बघतो आणि पाना घेऊन घरभर फिरतो. गळका नळ आता एकही उरलेला नाही.