नाव घेतल्याचा दगड

“नाव नोको घेऊ बाप्पा! तोंडात माती घाल, पन नाव नोको घेऊ!”

बंडीवाला असा ओरडला की नवेगावच्या तलावावरची निम्मी पाखरं उडून थेट चांद्याला पोचली असतील. ओरडत होता तो माझ्या बायकोच्या थोरल्या भावावर, म्हणजे दादांवर. हे गृहस्थ नागपूरच्या हायस्कुलात मास्तर. दिवाळीच्या सुटीत बायकोला घेऊन आमच्याकडे वाघ पाहायला आले होते. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर हॅट, आणि भर जंगलात बैलबंडीत उभे राहून हजेरी घेत होते, “वाघ! ए वाघ! हजर आहेस की नाही?”

आता तिथे राष्ट्रीय उद्यान आहे, फाटक आहे, लोक पोराबाळांसह सहलीला जातात. तेव्हा, स्वातंत्र्याला आठदहा वर्षं झाली असतील, तिथे नुसतं जंगल होतं. जंगलाचे नियम आमच्या गोंड बंडीवाल्याच्या तोंडी होते. आत शिरल्यावर वाघाचं नाव घ्यायचं नाही. ‘मोठा’ म्हणायचं, नाहीतर ‘जनावर’.

दादांना वाघाची हाव लावली ती मीच. मी गोंदियात विड्यांच्या कारखान्यात कारकून. वाघाचं शेपूटही पाहिलेलं नव्हतं. पण पत्रात लिहायचो, ‘आमच्याकडे तलावावर वाघांची अशी गर्दी असते की चितळांना पाण्याला नंबर लागत नाही. एक म्हातारा वाघ तर स्टेशनावर छोट्या लाइनीच्या गाडीची वाट बघत बसतो. गाडी इतक्या उशिरा येते की बसल्या बसल्या त्याच्या मिशा पिकल्या.’

ही थापेबाजी उगीच नव्हती. बायकोला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. सासूबाईंचा जीव लेकीत अडकलेला, पण घर दादांचं, आणि दादांना मी जावई म्हणून कधीच पसंत नव्हतो. चार वर्षांत बायकोला एकदाही माहेरचं बोलावणं आलं नव्हतं. ती म्हणायची, “दादाला एकदा इकडं येऊ द्या. मला बघितलं की न्यायचं काढेलच.” म्हणून वाघ. म्हणून बंडीत भाताच्या तणसावर दोन गोधड्या टाकून ती तसल्या वाटेनं, तसल्या अवस्थेत, हसत हसत आमच्याबरोबर निघाली होती.

बंडीवाल्यानं बैल सोडले आणि झाडाखाली जाऊन बसला. पुढं वाटेच्या कडेला शेंदूर लावलेला देव होता आणि त्याच्यासमोर दगडांची रास.

“ज्यानं नाव घेतलं त्यानं दगड ठेवाचा, डोस्का टेकवाचा. मंगच बैल निघतीन.”

“मी? दगडापुढे?” दादा म्हणाले. “मी मुलांना विज्ञान शिकवतो.”

“मंग त्यायलेच म्हना बंडी ओढाले.”

मी हसलो. दादा हसले नाहीत. वहिनी रुमालानं वारा घेत राहिल्या. ऊन वाढलं, बैलांनी अर्धं तणस संपवलं. दादांनी एकदा मला जू धरायला सांगून पाहिलं. मी धरलं, बैलांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी सोडलं.

तेवढ्यात बायको उतरली. एका हातानं चाक धरून, दुसरा पोटावर ठेवून. वाकली, दगड उचलला, राशीवर ठेवला आणि गुडघे टेकून कपाळ मातीला लावलं.

“चुकलं,” ती देवाला म्हणाली. “माझ्या भावाला ठाऊक नव्हतं.”

“हे काय करतेस?” दादा कडाडले. “आपल्या घरची मुलगी तू!”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण समोर कुणी चिडलं की माझी जीभ खाजते. वाटलं, हसवू यांना, म्हणजे सगळं निवळेल.

“दादा, ती आता तुमच्या घरची कुठली!” मी म्हणालो. “पक्की जंगली झाली. मोहाच्या झाडावर झोपते, अस्वलिणीशी गप्पा मारते. परवा तर म्हणाली, माहेरी गेले तर मला तिथली हवा सोसायची नाही!”

बंडीवाला खदखदून हसला. वहिनी रुमालाआड हसल्या. बायकोनं कपाळाची माती पुसली नाही. माझ्याकडे पाहत राहिली.

“असं?” दादा शांतपणे म्हणाले. “मग आईला कशाला ताप द्यायचा. इथंच बरी आहे ती.”

बैल जुंपले, बंडी निघाली. तलावावर बदकं होती, एक चितळ होतं. वाघ दिसला नाही, आणि तो का दिसला नाही याच्या माझ्याकडे तयार असलेल्या अकरा गोष्टींपैकी एकही कुणी विचारली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं दादा-वहिनी नागपूरला गेले. फलाटावर बहीण-भाऊ थोडं बाजूला उभे होते. मी लांबून शिट्टी वाजवत होतो.

घरी येताना वाटेत मी हळूच विचारलं, “काय म्हणाले दादा? पुढच्या महिन्यात न्यायला येतील ना?”

ती म्हणाली, “लाकडं भरून ठेवा. बाळंतिणीला शेकायला लागतील.”