आखाजीआधीचे वांग

धुळ्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे मी गालावरचे वांग दाखवायला गेले होते. शेजारी शिरपूरकडची एक बाई बसली होती. डोळे सोडून सगळं तोंड ओढणीत गुंडाळलेलं. मधूनच ओढणी खाली करायची, मोबाइलच्या काळ्या काचेत गाल बघायची आणि पुन्हा झाकून घ्यायची. आधीच वांग, त्यावर लिंबू घासून ती तशीच उन्हात मजुरीने कांदे काढायला गेली होती. डाग आणखी काळे पडले होते.

“घरचे बोलतात का?” मी विचारलं.

“नही वं ताई. आखाजीले माहेर जानं शे. मायले सांगेल शे, मी घरमा बठीसन शिलाई करस. तोंड दखताच तिले समजी जाई.”

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी जातात, झोके खेळतात. सण आठवड्यावर आला होता.

तपासून घेऊन ती बाहेर आली, तेव्हा तिच्या हातात मलम होतं. “डाग जावाले महिना लागतीन म्हने,” एवढंच बोलली. मग तिने मायला फोन लावला. व्हिडिओ नाही, साधाच.

“यंदा शिलाईनं काम गंज शे माय. येनं जमाव नही.”

पलीकडचं ऐकता ऐकता तिने ओढणी पुन्हा तोंडावर ओढून घेतली.

“तरी मना झोका बांधी ठेव,” ती म्हणाली.