डोक्यावर कानबाई आणि डोळ्यांपुढे अंधारी

वजन उतरवायचं इंजेक्शन मी दर आठवड्याला जळगावला जाऊन घेत होते, हे घरी एरंडोलला सासूबाईंना ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "भूक मरेल, पण जेवण टाळू नका. पाणी पीत राहा. झटकन उठू नका. आणि उपास अजिबात करायचा नाही." मी मान डोलावली. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते आणि तिचा उपास असतो, हे त्या बिचाऱ्यांना काय सांगणार!

रविवारी उपास केला. संध्याकाळी प्रसादाचा रोट काही घशाखाली उतरेना. कानबाईचा रोट घरच्यांनीच संपवायचा असतो, टाकायचा नसतो. माझा उरलेला रोट सासूबाईंनी आपल्या ताटात घेतला.

सकाळी विसर्जनाला निघालो. नारळाच्या कानबाईचा पाट माझ्या डोक्यावर, पुढे डफ. उठतानाच अंधारी आली. जरा थांबले, गेली. वाटलं, निभेल. नदीच्या वाटेवर पुन्हा आली, आणि पायांत जीवच राहिला नाही. पडले तर देवी पडणार, मग घरातलं प्रत्येक दुखणं माझ्या नावावर. आणि मीच उठले नाही तर?

मी डुलायला लागले, तशा बायका ओरडल्या, "कानबाई आली! अंगात आली!" डफ दुप्पट जोराने वाजू लागला. कुणी पाट उतरवून घेतला, कुणी कपाळभर हळदकुंकू फासलं. अगं बायांनो, पाणी द्या गं! पण जीभ टाळ्याला चिकटलेली. तोंडातून नुसता हुंकार निघाला, आणि तो ऐकून तर सगळ्या पायाच पडायला लागल्या. शेजारीण विचारते, पोराचं लग्न कधी जमेल? इथे माझा जीव चाललाय आणि हिला सून हवी! या गर्दीत मी मरेन आणि या माझी ओटी भरत बसतील, असं खरंच वाटलं.

मग सासूबाई पुढे आल्या. कधी माझ्याशी दोन शब्द गोड न बोललेली बाई. माझ्या पायांवर डोकं ठेवून रडायलाच लागल्या.

"माय, मनी सूनले काय व्हयनं? जेवत नही, सुकत चालनी. माले काहीच सांगत नही. माले ली जाय, पन तिले वाचाड."

मी चाचपडत त्यांचा हात धरला.

"आई, देवी नाही, मीच आहे," कसंबसं म्हटलं. "साखरपाणी द्या. सगळं सांगते."